‘रोलबॅक केला’ म्हणजे नेमकं काय झालं?

संशोधनाची तयारी करताना आपण पेपर वाचतो, पण कंपन्यांचे बिघाडाचे अहवाल सहसा वाचत नाही. तेही वाचा, आणि पेपरइतक्याच संशयाने वाचा. आज क्राउडस्ट्राइकचा 6 ऑगस्ट 2024 चा अहवाल घेऊ.

घटना थोडक्यात अशी. 19 जुलै 2024 ला आपल्याकडच्या सकाळी 9:39 वाजता चॅनल फाइल 291 ची नवी आवृत्ती जगभर गेली. हा नवा प्रोग्राम नव्हता, कॉन्फिगरेशनची फाइल होती. व्याख्येत 21 फील्ड होती, पण कोड 20 च पुरवत होता. एकविसावं वाचायला गेल्यावर विंडोज कोसळलं. 10:57 ला फाइल मागे घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर 85 लाख मशीनना फटका बसला होता. मुंबई विमानतळावरही काही विमान कंपन्यांवर हाताने चेक-इन करायची वेळ आली.

अहवालाची जमेची बाजू अशी की, तो ‘मानवी चूक’ म्हणून हात झटकत नाही. तपासणी करणारा व्हॅलिडेटरच 21 फील्ड मिळतील असं धरून चालला होता, हे तो स्पष्ट सांगतो. फाइल टप्प्याटप्प्याने पाठवायला हवी, हेही मान्य करतो.

माझा आक्षेप पुढे आहे. त्यातले सहाही निष्कर्ष मुख्यतः चूक आधी पकडण्याबद्दल किंवा तिचा फैलाव रोखण्याबद्दल आहेत. कोसळलेल्या मशीनने स्वतःहून आधीच्या फाइलवर कसं परतायचं, हा त्यात स्वतंत्र निष्कर्ष नाही. खरा त्रास तर तिथेच झाला! सर्व्हरवर 78 मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, पण जे मशीन सुरूच होत नाही ते दुरुस्त फाइल घेणार कशी? माणसांना एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन फाइल काढावी लागली.

याउलट ज्युनिपरच्या राउटरवरचं ‘कमिट कन्फर्म्ड’ बघा. बदल केल्यावर ठरलेल्या वेळेत (न सांगितल्यास 10 मिनिटं) पुन्हा होकार दिला नाही, तर राउटर आपणहून जुन्या कॉन्फिगरेशनवर जातो. तुमचा संपर्क तुटला तरी परतीची वाट मशीनपाशीच असते.

दुसरं म्हणजे, मागे जाणं हाही एक बदलच असतो. कल्याण-डोंबिवलीकरांना 27 गावांचं प्रकरण आठवेल. 2002 मध्ये ती पालिकेतून वगळली, 2015 मध्ये परत घेतली, 2020 मध्ये त्यातली 18 पुन्हा वगळली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर वेळी ‘आधीसारखं’ करताना आधीची परिस्थिती तशीच राहिलेली नसते. फाइलचंही तेच. जुनी कॉपी परत ठेवली तरी मधल्या काळात डेटाबेस बदललेला असू शकतो.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये नुसतं ‘रोलबॅकचा वेळ’ लिहू नका. तीन वेळा वेगवेगळ्या मोजा: बदल मागे घेतला तो, मशीनपर्यंत पोचला तो आणि सेवा खरंच सुरू झाली तो. पहिला आकडा सगळे देतात. विषय उरलेल्या दोनांत आहे.