पन्नास माळांचे दानपत्र

परगावी दोन दिवसांचा मुक्काम घडला, की त्या गावी काय पाहावे हे आपण ठरवितो असे आपणांस वाटते. वस्तुतः ते बहुधा वाहनाची वाट ठरविते. एका कामानिमित्त ग्वाल्हेरीस आमचा नुकताच असा मुक्काम झाला व या विधानाचा आम्हांस प्रत्यय आला. किल्ल्यावर जाण्याच्या मुख्य वाटा दोन. पश्चिमेची उरवाई दरवाज्याची वाट मोटारीची. पंधराव्या शतकातील प्रचंड जैन मूर्तींजवळून ती वर चढते. पूर्वेची जुनी वाट पायी चढण्याची. गुजरी महालापासून निघून ती हाथीपोळीपाशी मानमंदिरास भिडते. बहुतेक प्रवासी पहिल्या वाटेने येतात, मानमंदिर, सासबहूची देवळे व तेली का मंदिर पाहतात आणि आल्या वाटेने परततात. पूर्वेच्या चढणीवर एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे विष्णुमंदिर त्यांच्या दृष्टीस पडतच नाही.

जे थोडे लोक तेथवर जातात, ते एका शून्यासाठी जातात. तेथील शिलालेखात २७० हा आकडा आजच्या वाचकासही ओळखता यावा अशा रूपात कोरलेला आहे. आमच्या वाटाड्याने त्यावर बोट ठेवून, ‘हे जगातील पहिले शून्य,’ असे ठणकावून सांगितले. हा दावा टिकणारा नाही. कंबोडियातील एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ हे वर्ष शून्यासह लिहिलेले आहे; ग्वाल्हेरीचा लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा. वकिलीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत : फाजील दावा करणारा पक्षकार आपला खरा दावाही दुबळा करतो. भारतातील शून्याच्या अतिप्राचीन कोरीव खुणांपैकी ही एक असून तिची तिथी निःसंदिग्ध आहे, एवढे म्हटले तरी या शिळेचा मान कोठे उणा होतो?

परंतु आमचा खरा आक्षेप याहून निराळा आहे. हा लेख गणिताचा नाहीच; तो देवस्थानाचे दानपत्र आहे. कोणत्याही दस्तऐवजाचे रसग्रहण करताना तो कोणी केला, कशासाठी केला व त्याने कोणाला बांधले, हे आधी पाहावे लागते. येथे दाते म्हणून सारे नगर पुढे येते. प्रतीहार राजा भोजदेवाचे राज्य, अल्ल नावाचा कोटपाल, सेनाधिकारी, व्यापाऱ्यांतील प्रमुख, तेली आणि माळी, असे सर्व त्यांत आहेत. अल्लाने विष्णूचे व नवदुर्गांचे अशी दोन देवळे उभारली. त्यांच्या पूजेसाठी नगराने २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन फुलबागेकरिता दिली. शेतेही दिली. तेल्यांनी घाण्यामागे दरमहा तेल देण्याचे पत्करले, आणि गोपगिरीवर राहणाऱ्या माळ्यांनी रोज ५० माळा देण्याचे.

या लेखाची शैली पाहण्यासारखी आहे. ‘पुष्कळ जमीन’ आणि ‘भरपूर फुले’ अशी सैल भाषा त्यांत नाही. लांबी, रुंदी, माळांची संख्या, सारे मोजून दिले आहे. कोणता हात धरावयाचा, तेही राजमान्य मापाचा म्हणून सांगून ठेवले आहे. पुढे वाद होऊ नये म्हणून एवढी काळजी! भक्ती मोघम असू शकते, परंतु दान मोघम असता कामा नये, हे त्या नगराला नेमके कळले होते. त्या शून्याचे थोरपणही आम्हांस येथेच दिसते. ते विद्वानाच्या ग्रंथात न अवतरता माळ्यांच्या रोजच्या हिशेबात सहज येऊन बसले आहे. म्हणजे ते तेव्हाच व्यवहाराचे झाले होते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची घराणी आपापल्या देवळांचा नंदादीप, नैवेद्य आणि पालखीचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या वाहत आली आहेत. त्यांना हे दानपत्र परके वाटू नये. आणखी एक दुवा आहे. संवत ९३२ चा तेथील दुसरा लेख सांगतो, की अल्लाचे घराणे मूळचे लाट देशातील आनंदपूरचे. दूरदेशी येऊन वसलेल्या घराने नव्या भूमीत देव उभारला आणि पुढल्याच वर्षी त्या नगराने तो देव आपला मानून त्याची फुले पत्करली. ग्वाल्हेर, इंदूर वा बडोद्यास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना या दोन ओळींतील अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमची सूचना अशी : ग्वाल्हेरीस एकच सकाळ हाती असली तरी मोटार खाली ठेवावी, गुजरी महालातील संग्रहालय पाहावे आणि पूर्वेच्या वाटेने पायी चढावे. चतुर्भुजाच्या दारी शून्य अवश्य पाहावे, पण त्याच्या डावीकडचे २७ कशाचे, हेही विचारावे. फुलांपासून तोडलेला आकडा हे केवळ एक नवल. फुलांसह वाचला, तर तो एका नगराने दिलेला शब्द आहे.

तो शब्द देताना नगराने कालमर्यादा घातली नव्हती. आता त्या ५० माळांसाठी कोणावर दावा लावावा, हे आमच्या कायद्याच्या ज्ञानाबाहेरचे आहे. आम्ही टिपणे घेण्यासाठी वही नेली होती. फूल मात्र नेले नव्हते. हे देवासमोर उभे राहिल्यावर लक्षात आले, आणि दस्तऐवज वाचता येणाऱ्या माणसाची ही चूक आम्हांस अधिक लागली.