सहभाग कोणाचा, निर्णय कोणाचा?

'लोकसहभाग' हा शब्द सार्वजनिक आरोग्याच्या योजनांमध्ये हमखास भेटतो. शब्दाची फोड केली की त्यातली अडचण दिसू लागते. 'सह' म्हणजे बरोबर. ज्याच्या बरोबर जायचे तो आधीच निघालेला असतो. वाटही त्याची आणि मुक्कामही त्यानेच ठरवलेला. लोकांनी मागून सामील व्हायचे. म्हणून आरोग्यसेवेतील लोकसहभागाचे आपल्याकडचे प्रयोग तपासताना लोक निर्णयाच्या आधी आले की नंतर, हे पाहायला हवे.

कल्पना नवी नाही. १९४६ च्या भोर समितीने गावपातळीवर आरोग्य समित्या सुचवल्या होत्या. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही मानले. प्रत्यक्षात त्यातले कर्तव्य तेवढे रुजले. मुलांना लसीकरणाला आणावे, गटारे साफ करावीत, शिबिराला गर्दी करावी, एवढ्यालाच सहभाग म्हटले गेले. अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. माहिती देणे आणि मत विचारणे या पायऱ्या त्यांनी नाममात्र सहभागात धरल्या, कारण मत ऐकल्यावर ते मानण्याचे बंधन कोणावरच नसते. आपले बरेचसे कार्यक्रम याच पायऱ्यांवर थबकलेले आहेत.

महाराष्ट्रात याहून वेगळे घडल्याची उदाहरणे आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. तेथे आरोग्यसेविका गावाने निवडल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. दवाखान्याच्या बरोबरीने पाणी आणि अन्न हे प्रश्न पुढे आले, आणि कामाचा क्रम त्यानुसार बदलला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नाही, आणि तिथे आमची देवीही नाही, अशी उत्तरे आली. मग दवाखाना गावासारखा, झोपड्यांच्या रूपात उभा राहिला. त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. इथे उत्तराने इमारतीचा नकाशा बदलला. एखाद्या उत्तराला वजन आहे की नाही, हे असेच ओळखता येते.

तरीही या प्रयोगांचे कौतुक करून थांबता येत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारे डॉक्टर विचारायला तयार होते. ते तयार नसते तर गावाने काय करायचे? चांगल्या माणसाने विचारले म्हणून मिळालेले स्थान त्या माणसाबरोबर जाऊही शकते. त्याला नियमाचे बळ हवे.

हे बळ देण्याचा प्रयत्न २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने केला. गावसमित्या आल्या, त्यांना वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी आला, दवाखान्यांसाठी रुग्ण कल्याण समित्या आल्या. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावकरी चर्चेतून सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि ते प्रगतिपत्रक जनसुनवाईत मांडत. डॉक्टर हजर नसतात, औषधे बाहेरून आणायला लावतात, हे अधिकाऱ्यांसमोर सांगता येऊ लागले. एरवी सुनावणी म्हटले की सामान्य माणूस हात जोडून उभा असतो. इथे खुलासा देण्याची पाळी खात्यावर आली. हे बळ लहान नव्हे.

पण देखरेख म्हणजे निर्णय नव्हे. दुसऱ्याने आखलेले काम नीट झाले का, एवढेच ती पाहते. उपकेंद्र कुठे असावे, बाह्यरुग्ण विभाग मजुरी बुडणार नाही अशा वेळी उघडावा का, पैसा आधी कशावर खर्च व्हावा, हे ठरते तेव्हा लाल रंग देणारी बाई त्या खोलीत नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, वैद्यक हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. मान्य; पण औषधाची मात्रा गावाने ठरवावी असे कोणी म्हणत नाही. वेळ, जागा आणि अग्रक्रम हे वैद्यकशास्त्राचे प्रश्न नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : गाव एकजिनसी नसते. समितीत बोलणारा बहुधा जमीनवाला पुरुष असतो. वस्तीवरची बाई यादीत असली तरी गप्प असते. म्हणजे 'लोक' हा शब्दही तपासूनच घ्यायला हवा. मात्र यावर उपाय वस्तीवर वेगळी बैठक घेणे हा आहे. निर्णय पुन्हा तालुक्याला नेणे हा नव्हे.

तेव्हा मागणी साधी असावी. गावाने सुचवलेला अग्रक्रम वार्षिक आराखड्यात घ्यावा, किंवा तो का घेतला नाही याचे लेखी उत्तर ठरलेल्या मुदतीत गावाला द्यावे. ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. उत्तर देण्याचे बंधन आले की खात्याला गावाचे म्हणणे आराखडा करण्यापूर्वीच विचारावे लागेल.