गुत्तिल जातक आणि भीमगीतांचे मुकाबले

जातकट्ठकथेतील २४३ वे जातक 'गुत्तिल जातक' या नावाने ओळखले जाते. दोन वीणावादकांच्या स्पर्धेची ही कथा आपल्याकडे सांगितली जाते ती प्रायः कृतघ्न शिष्याची कथा म्हणून. अट्ठकथाकाराने स्वतःच मूसिल म्हणजे पूर्वजन्मीचा देवदत्त असे समीकरण मांडले असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु या कथेत आणखी एक प्रश्न आहे आणि आंबेडकरी गीतपरंपरेच्या अभ्यासकाला तो विशेष जवळचा वाटावा. एकाच कलेतील दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यात कशाची देवघेव होते, आणि ती देवघेव केव्हा थांबते? ज्या समाजाने गायनपार्ट्यांचे मुकाबले रात्र-रात्र जागून ऐकले आणि स्वतःच्या वर्गणीतून पोसले, त्या समाजाने हा प्रश्न या जातकाला विचारून पाहिला पाहिजे.

प्रथम कथा पाहू. गुत्तिल हा वाराणसीच्या राजाचा वादक. आंधळ्या आईवडिलांच्या सेवेसाठी तो अविवाहित राहिला होता. वाराणसीचे काही व्यापारी उज्जैनीस गेले असता त्यांनी तेथील श्रेष्ठ वादक मूसिल याला करमणुकीसाठी बोलाविले. मूसिलाने वीणा चढ्या स्वरात वाजविली, मग मध्यम स्वरात, मग उतरत्या स्वरात. व्यापाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंदाची रेषाही उमटली नाही. गुत्तिलाची वीणा ऐकलेल्या कानांना मूसिलाचे वादन हे वादनच वाटेना. मूसिलाने कारण विचारले, गुत्तिलाचे नाव ऐकले, आणि तो त्यांच्याबरोबर वाराणसीस येऊन शिष्य झाला. गुत्तिलाला त्याचा स्वभाव बरा वाटला नव्हता. तरी आईवडिलांच्या शब्दाखातर त्याने त्याला पत्करले आणि स्वतःला येत होते ते सारे, मूठ न झाकता, शिकविले.

पुढे मूसिलाला राजदरबारी गुरूच्या निम्मे वेतन देऊ करण्यात आले. 'माझी विद्या गुरूएवढी आहे, तेव्हा वेतनही तेवढेच हवे,' असा त्याने आग्रह धरला. राजाने बरोबरी सिद्ध करून दाखविण्यास सांगितले आणि सातव्या दिवशी जाहीर स्पर्धा ठरली. वृद्ध गुत्तिल भयाने अरण्यात गेला. मरणाचेही भय, पराभवाचेही भय, म्हणून घर आणि अरण्य यांच्यामध्ये येरझारा घालीत राहिला. तेव्हा शक्र त्याच्या साहाय्यास आला. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुत्तिलाने सात तारांच्या वीणेची एकेक तार तोडली. तरी वीणा वाजतच राहिली, आणि शेवटी तारांवाचून नुसत्या दांड्यातून स्वर निघाले. मूसिलानेही आपल्या तारा तोडल्या. त्याची वीणा मुकी झाली. स्वर्गातून अप्सरा उतरून नाचल्या, आणि खवळलेल्या जमावाने मूसिलाला दगडाकाठ्यांनी ठार केले.

या कथेकडे स्पर्धेची कथा म्हणून पाहिले की काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. पहिली म्हणजे, मूसिलाचा आरंभ कृतघ्नतेचा नाही. श्रोते रंगले नाहीत म्हणून त्याने श्रोत्यांना दोष दिला नाही. आपल्यापेक्षा चांगले वाजविणारा कोणी आहे हे त्याने ऐकून घेतले आणि त्याचा शोध घेतला. न पाहिलेला प्रतिस्पर्धी हाच त्याचा पहिला गुरू होय. दुसरी गोष्ट गुत्तिलाच्या उघड्या मुठीची. पाली वाङ्मयात विद्या राखून ठेवण्याच्या वृत्तीला 'आचरियमुट्ठि', म्हणजे आचार्याची झाकलेली मूठ, असे नाव आहे. तथागताच्या धम्मात अशी मूठ नाही, असे महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी आनंदाला स्पष्ट सांगितले आहे. ज्या देशात विद्या झाकून ठेवण्यावर एका वर्गाची सत्ता उभी राहिली, त्या देशात या एका शब्दाचे मोल किती मोठे आहे हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वेतनाची. समान कामास समान मोबदला मागणाऱ्या शिष्याला तेवढ्याच कारणासाठी पापी ठरविणे आपल्याला पटण्यासारखे नाही. मूसिलाचा दोष त्या मागणीत नसून ऋण नाकारण्यात आहे. जी वीणा तो वाजवीत होता ती त्याच्या हातात कोणी दिली, हे त्या सभेत त्याच्या तोंडून एकदाही आले नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांत बुद्धिसंगतता ही प्रमुख आहे. त्या कसोटीवर शक्राचे साहाय्य टिकणार नाही. परंतु चमत्कार बाजूला ठेवूनही त्याचा परिणाम तपासण्यासारखा आहे. तारांवाचून वाजणाऱ्या वीणेपासून कोणीही काही शिकू शकत नाही. मूसिलाने जे केले ते अनुकरण होते. गुरूने तार तोडली म्हणून त्याने तोडली. ज्या क्षणी स्पर्धा कलेच्या बाहेर गेली, त्या क्षणी दोघांमधील देवघेव संपली. स्पर्धेच्या आधी वाराणसीत दोन थोर वादक होते. नंतर एक उरला, तोही वृद्ध. कथा याला विजय म्हणते. कलेच्या हिशेबात ही हानी आहे.

गायनातील अनुकरणाविषयी विनयपिटकातही इशारा आहे. धम्माचे पठण लांबट गायनस्वरात करण्यास भगवंतांनी भिक्षूंना मनाई केली आणि त्याचे पाच दोष सांगितले : स्वतः त्या स्वरात गुंतणे, इतरांनी गुंतणे, गृहस्थांनी नावे ठेवणे, स्वराच्या मागे लागून समाधी भंगणे, आणि मागून येणाऱ्यांनी त्याचेच अनुकरण करणे. याचा अर्थ बुद्धाला संगीत वर्ज्य होते असा नव्हे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणेवर गातो तेव्हा तारांचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर तारांशी जुळतो, अशी भगवंत त्याची प्रशंसा करतात. कसोटी एवढीच की स्वराने अर्थावर कुरघोडी करू नये.

हे निकष हाती घेऊन आता आपल्या परंपरेकडे वळू. महाराष्ट्रात सवाल-जवाबाची रीत जुनी आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. आणि डफावर थाप देऊन एक पक्ष दुसऱ्याला कोडे घाली. पेशवाईच्या अखेरच्या काळातील होनाजी बाळा आणि सगनभाऊ यांच्या फडांची चढाओढ प्रसिद्धच आहे. या रीतीने शाहिरांना बहुश्रुत केले, कारण समोरचा काय विचारील हे ठाऊक नसल्याने सर्वच वाचून-ऐकून ठेवावे लागे. मात्र उत्तरे शोधावयाची ती पुराणांत. ज्यांना पोथीला हात लावण्याचा अधिकार नव्हता, त्यांचीही बुद्धी त्या पोथीतील कोडी सोडविण्यात खर्ची पडे.

सत्यशोधकांनी तमाशाचा घाट उचलून जलसा उभा केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाशी जलशाचे नाते प्रतिस्पर्ध्याचेच होते. त्याच प्रेक्षकाला, त्याच ढोलकीच्या ठेक्यावर, त्याच जागेत बसवून वेगळा विचार ऐकवावयाचा होता. ज्याच्याशी झगडावयाचे त्याच्याकडून ताल घ्यावा लागतो आणि तो घेताना आशय बदलावा लागतो, हे जलशाने दाखवून दिले.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सवालांचे क्षेत्रच पालटले. मुंबईच्या चाळींत आणि गावोगावच्या बौद्धवाड्यांत कव्वालीच्या धर्तीवर गायनपार्ट्या उभ्या राहिल्या. पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या आणि कोरस. भीमजयंतीच्या किंवा बुद्धपौर्णिमेच्या मंडपात दोन पार्ट्या समोरासमोर बसत. आरंभी वंदना होई, मग एक पार्टी सवाल टाकी. सवाल तथागतांच्या चरित्रातला, महाडच्या किंवा नाशिकच्या सत्याग्रहातला, राज्यघटनेतला. उत्तर पुराणात मिळण्याची सोय उरली नाही. ते बाबासाहेबांच्या ग्रंथांत आणि चळवळीच्या इतिहासातच शोधावे लागे. अनेक गायकांचे शाळेचे शिक्षण बेताचेच होते. त्यांना ग्रंथापर्यंत नेण्याचे काम प्रतिस्पर्ध्याच्या सवालाने केले. उत्तर न सुचलेला गायक त्या रात्री हरे; पण पुढच्या जयंतीला तो वाचून येई. मूसिलाला जी संधी मिळाली नाही ती येथे मिळत होती.

मुकाबल्यात आणखी एक गोष्ट घडे. सामान्य श्रोता गाण्यात रमतो, डुलकीही घेतो. प्रतिस्पर्ध्याला ती मुभा नसते. उत्तर द्यावयाचे असल्याने तो प्रत्येक शब्द, प्रत्येक हरकत टिपून घेतो. एका पार्टीची चाल दुसरीच्या गळ्यात उतरे ती अशी. पहिल्याने टाकलेला शेर दुसरा उलटवी, आणि उलटविताना त्याचा बांधा आत्मसात करी.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रौढपणी मुंबईत अक्षरओळख करून घेतलेल्या या कवीचे १९४३ मधील पहिले गीत एका हिंदी गीताचे विडंबन होते. विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याला दिलेला जबाबच. पुढे त्यांची स्वतंत्र गीते असंख्य गायकांनी, एकमेकांसमोर बसणाऱ्या पार्ट्यांनीही, गायिली. त्यांनी मूठ झाकली नाही. पक्षाच्या भिंतीही अशाच ओलांडल्या गेल्या. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी भीमरावांवर लिहिलेले गीत आज आंबेडकरी व्यासपीठांवर आपले म्हणून गायिले जाते. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्याने विठ्ठलाची गीतेही गायिली आणि भीमगीतेही; त्यातील वैचारिक विसंगतीची चर्चा अवश्य व्हावी, परंतु त्या गळ्याची फिरत दोन्ही मंडपांत तयार झाली हे नाकारता येणार नाही.

या परंपरेचे दोषही सांगितले पाहिजेत. सवाल संपले की काही मुकाबले व्यक्तीवर घसरत. स्त्री आणि पुरुष गायकांच्या मुकाबल्यात द्व्यर्थी टोमण्यांवर टाळ्या घेण्याचा मोह आयोजकांनाही आवरत नसे. स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको म्हणून पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी परत केली, ही हकिकत अभिमानाने सांगणाऱ्या समाजाने आपल्या मंडपात हे चालू द्यावे, ही खेदाची गोष्ट होय. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांसारख्या गायिकांनी भीमगीत घरोघरी नेले. त्यांच्या कलेचे मोल टोमण्यांच्या पलीकडे जाऊन कितीदा केले गेले? व्यक्तीचा अपमान हीसुद्धा तार तोडण्याचीच रीत आहे. तेथे कला थांबते आणि शिकणेही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. आपल्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याची प्रथा संतांपासून शाहिरांपर्यंत आणि कव्वालीतूनही चालत आली आहे. ती केवळ मिरविण्यासाठी नाही. हे गीत कोणाच्या हातचे आहे याची ती नोंद आहे. कॅसेटच्या काळात वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे झाले आणि गीतकाराचे नाव बारीक झाले, कधी गळूनही गेले. शेवटच्या कडव्यातले नाव बदलून गाण्याचे प्रकारही झाले. आज मोबाईलवर फिरणाऱ्या गीतांना तर पुष्कळदा कवी नसतोच. चाल घेणे, बांधा घेणे, सवाल घेणे हे परंपरेचे जीवन आहे. नाव पुसणे हा मूसिलाचा अपराध आहे. स्वतःच्या घामाला नाव नसणे म्हणजे काय, हे पिढ्यानुपिढ्या भोगलेल्या समाजाने आपल्याच कवीच्या बाबतीत तो करावा, हे अधिकच अनुचित होय.

आपल्या गीतांचे जे संग्रह निघतात, ते एकेका कवीचे किंवा गायकाचे निघतात. त्यांची आवश्यकता आहेच. परंतु त्यांतून सवाल एका पुस्तकात जातो आणि जबाब दुसऱ्या पुस्तकात, किंवा कोठेच जात नाही. उत्तरगीत मूळ गीतावाचून वाचले की त्याची धार कळत नाही. म्हणून संग्राहकांनी गीते जोडीने नोंदविली पाहिजेत : सवाल कोणाचा, जबाब कोणाचा, चाल कोठून आली, कोणत्या वर्षीच्या कोणत्या मंडपात ते गायिले गेले. त्या रात्रींचे साक्षीदार आता वृद्ध झाले आहेत. विहारांनी आणि जयंती मंडळांनी त्यांच्याकडे आजच जावयास हवे. आणि यापुढे कोणतेही गीत सादर होण्यापूर्वी गीतकाराचे नाव उच्चारले जावे, एवढी शिस्त तरी प्रत्येक मंडपाने लावून घ्यावी. गुत्तिलाने मूठ उघडली. त्या उघड्या मुठीतून जे मिळाले ते कोणाचे होते, हे सांगणे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.