खोल गेलेली टाळू

मेडशीतील माझ्या संग्रहात डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ची जुनी भारतीय आवृत्ती आहे. व्हॉलंटरी हेल्थ असोसिएशन ऑफ इंडियाने ती काढली होती. पुस्तक हाती घेणारा आधी पानोपानीच्या साध्या रेखाचित्रांत रमतो. संग्राहकाच्या लेखी हेच त्याचे मोल. मला ते पहिल्या प्रकरणात दिसते.

वर्नर डॉक्टर नव्हेत, जीवशास्त्राचे शिक्षक. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील डोंगराळ खेड्यांत काम करताना त्यांनी हे पुस्तक सिद्ध केले. १९७३ साली ते स्पॅनिशमध्ये आणि १९७७ साली इंग्रजीत आले. आरोग्याची पुस्तके बहुधा शरीररचनेपासून सुरू होतात. वर्नर मात्र घरगुती उपचार आणि लोकसमजुतींपासून आरंभ करतात.

त्यातले टाळूचे उदाहरण पाहा. तान्ह्या बाळाला जुलाब होतात, टाळू खोल जाते. टाळू खाली बसली म्हणूनच जुलाब लागले, अशी तिकडची समजूत. म्हणून बाळाला उलटे धरायचे किंवा टाळू तोंडाने ओढायची. वर्नर त्या आईला अडाणी ठरवत नाहीत. खोल टाळू हे धोक्याचे लक्षण, हे तिने अचूक हेरले. कार्यकारणभाव तेवढा उलटा लावला. जुलाबाने अंगातले पाणी आटले, म्हणून टाळू खोल गेली. उपाय एकच : बाळाला पाजत राहणे.

निरीक्षण खरे, अर्थ चुकीचा. ही फोड आपल्याकडे किती निकडीची आहे, हे मेळघाटाकडे पाहून कळते. तिथे बाळाचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर चटके देण्याचा प्रकार अजून थांबलेला नाही. पोट फुगले हे घरच्यांनी बरोबर पाहिलेले असते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, तेव्हा नवजात बाळातील जंतुसंसर्ग ओळखण्याच्या लक्षणांत फुगलेले पोटही होते. खूण तीच, पण तिथे विळ्याऐवजी औषध आले. ३९ गावांतील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करण्याचे काम देशभरातील आशांकडे आले.

वर्नर यांच्या पुस्तकाची मर्यादाही इथेच दिसते. चित्र समजूत घालू शकते. रात्री दोन वाजता बाळाजवळ बसून ते आजीशी बोलू शकत नाही. त्यासाठी गावातलेच, घरच्यांच्या विश्वासातले माणूस लागते. गडचिरोलीने ती उणीव भरून काढली.

औषधे आणि मात्रा देणारी या पुस्तकाची हिरवी पाने आता इतिहास म्हणूनच वाचावीत. जुन्या आवृत्तीवरून कुणी औषध देऊ नये. पहिले प्रकरण मात्र कपाटात बंद ठेवण्याजोगे नाही. विनानफा वाटपासाठी मजकूर आणि चित्रे उतरवून घेण्याची, गावाच्या गरजेप्रमाणे बदलण्याचीही मुभा वर्नर यांनीच दिली आहे. टाळूचे चित्र, खाली वऱ्हाडी बोलीत चार ओळी, असा एक कागद आमच्या भागातील आशाताईंच्या पिशवीत असायला काहीच हरकत नाही.