इथून काश्मीर किती लांब?

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. तो भिली भाषांचा. मावची, पावरी, नोइरी या आज नंदुरबार जिल्ह्यात (तेव्हाच्या खानदेशात) बोलल्या जाणाऱ्या बोली त्यात आहेत. अभ्यासक अजूनही आधी हाच भाग उघडतात. म्हणून एखादी प्रयोगवही तपासावी तसा तो तपासायला हवा.

नमुने घेण्याची रीत ठरलेली होती : बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर, जमल्यास एखादा स्थानिक मजकूर आणि २४१ शब्द-वाक्यांची यादी. हे सारे बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले. मोजपट्टी एकच, त्यामुळे बोलींची तुलना करता आली. हा गुण मोठाच.

पण पट्टीवर ज्याची खूणच नाही ते मोजले कसे जाणार? मराठीचेच पाहा. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो बरोबर येतो. इंग्रजी ‘वुई’त हा भेद नाही, आणि यादीतली घरे इंग्रजीची. मराठी माणूस त्या घरात बहुधा ‘आम्ही’ लिहील. ‘आपण’ गोष्टीतून आले तर आले! मराठीचे हे, तर पावरीचे काय सुटले असेल?

यादीत एक प्रश्न आहे, ‘इथून काश्मीर किती लांब?’ सातपुड्यातल्या माणसाला हे विचारून प्रश्नार्थक वाक्य मिळते खरे. पण वरचा पाडा, खालचा पाडा, नदीपलीकडचे शेत हे तो कसे सांगतो, ते यादी विचारत नाही. महाराष्ट्रातली ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली; त्यांतली अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसली. नदीकाठचे दिशाशब्द तिथे टिकले का, हे तपासायला जुनी नोंद हवी होती.

२०११ च्या जनगणनेत भिली/भिलोडी भाषकांची संख्या १ कोटी ४ लाख आहे. मावची, पावरी त्यातच मिळवलेल्या, राजस्थानची वागडीही. एवढा आकडा पाहून कोण काळजी करील?

वर्गात मात्र याची किंमत मोजावी लागते. पावरी मूल स्वतःच्या व्याकरणाने बिनचूक बोलते आणि वहीत लाल रेघ येते. आमच्या मते अशा वाक्यांची, मूल बोलले तशीच, तारखेसह नोंद ठेवणारा शिक्षक ग्रिअर्सनच्या यादीपेक्षा अधिक व्याकरण गोळा करील. त्यासाठी टेपरेकॉर्डरही लागत नाही. लाल पेन थोडा वेळ खिशात ठेवावा लागतो.