दूरसंवेदनाच्या परिभाषेतील ‘पडीक’

उपग्रहचित्रावरून भूमीचे वर्गीकरण करणे हे मुळात नामकरणाचेच काम आहे. तेव्हा भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घातले तर ते अनाठायी ठरू नये. चित्रबिंदूंचे गणित जितक्या काळजीने केले जाते, तितकी काळजी वर्गांना नावे देताना घेतली जात नाही, असे म्हणावे लागते.

शीळफाट्याचा परिसर घेऊ. जुना मुंबई-पुणे मार्ग व कल्याणचा रस्ता येथे मिळतात. पश्चिमेस पारसिकचा डोंगर, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. लँडसॅटच्या बहुवर्णपटीय चित्रात एक बिंदू ३० मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे ९०० चौरस मीटरांचा. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती-निर्देशांक मिळतो. डोंगरउतारावर ऑक्टोबरात तो चढा असतो, एप्रिलमध्ये गवत वाळल्याने उतरतो. एकाच उतारास एका चित्रात ‘तृणभूमी’ आणि दुसऱ्यात ‘पडीक’ म्हटले जाणे त्यामुळे सहज शक्य आहे. यात यंत्राचा दोष नाही. त्याने परावर्तन मोजले; ‘पडीक’ हा शब्द आपण पुरवला.

आणि तो शब्द निरुपद्रवी नव्हे. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पडीक’ म्हणजे लागवड न केलेली जमीन. इंग्रजी ‘वेस्टलँड’चा प्रतिशब्द होताच त्यात निरुपयोगीपणा शिरतो, आणि जे निरुपयोगी ते बांधकामास मोकळे, असा निष्कर्ष मागोमाग येतो. वस्तुतः ठाणे जिल्ह्यात याहून नेमके शब्द आहेत. नाचणी-वरी पिकवणारी, भाताच्या राबासाठी गवत-पालापाचोळा पुरवणारी उताराची जमीन ती वरकस. भरतीचे पाणी शिरते ते खाजण. गुरांसाठी राखलेले ते गुरचरण. नमुनाक्षेत्रे निवडताना हे शब्द हाताशी ठेवले आणि दोन ऋतूंची चित्रे जोडून पाहिली, तर वरकस व खाजण ‘पडीक’मध्ये बुडणार नाहीत. गुरचरणाचे मात्र तसे नाही; हक्काला वर्णपट नसतो, त्यासाठी सात-बाराच उघडावा लागतो.

‘बांधीव क्षेत्र’ ही संज्ञाही अशीच सर्वसमावेशक. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे अनधिकृत बहुमजली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. वरून घेतलेल्या चित्रास छप्पर दिसते. खांब कसे, परवानगी होती काय, हे दिसत नाही. क्रमाक्रमाने घेतलेली चित्रे ताडून नवे छप्पर केव्हा उमटले ते कळते, अधिक सूक्ष्म चित्रात सावलीवरून उंचीचा अंदाजही येतो. परंतु हे सारे तपासणीचे निमित्त होय, तपासणी नव्हे.

‘ग्राउंड ट्रूथ’साठी ‘भूसत्य’ हा शब्द म्हणूनच खटकतो: सत्य जणू जमिनीवर पडलेले आहे आणि ते केवळ उचलून आणायचे! ‘स्थळपाहणी’ हा आपल्या व्यवहारातला जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. जागेवर जाणे, आणि तेथे राहणाऱ्यास विचारणे, हे दोन्ही त्यात अभिप्रेत आहे.