‘प्रत्येक मत’ कोणाचे?

फ्लोरिडातील २००० सालच्या फेरमोजणीवरील ‘रीकाउंट’ (२००८) या चित्रपटात वकील आणि प्रवक्त्यांची झुंज रंगली आहे. मला मात्र त्या झुंजीतील शब्दांची झडती घ्यावीशी वाटते. बुशचे लोक म्हणत, मते मोजली, पुन्हाही मोजली. यातली दडपणूक उघडच होती. गोरच्या बाजूची घोषणा देखणी, म्हणून अधिक तपासण्याजोगी : प्रत्येक मत मोजा! प्रत्यक्षात हाताने मोजण्याचा अर्ज केला तो चारच काउंटींसाठी. ड्यूव्हल त्यांत नव्हती. तेथे सुमारे २७,००० मतपत्रिका बाद झाल्या होत्या; त्यांतल्या पुष्कळशा काळ्यांच्या वस्त्यांतल्या. मुदत टळल्यावर हे कळले, असा खुलासा पुढे आला. पण साऱ्या राज्यासाठी अर्ज करायला कोणी अडवले होते? काळ्या मतदाराचे मत बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहापट होती, असे नागरी हक्क आयोगाने २००१ मध्ये नोंदवले. फरक अवघ्या ५३७ मतांचा! ६ जानेवारी २००१ रोजी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत काळ्या प्रतिनिधींनी एकामागून एक हरकती घेतल्या. २०२२ पर्यंतच्या नियमानुसार हरकतीला एका सिनेटरची सही लागत असे. ती कोणीही दिली नाही. त्या हरकती फेटाळणारा अध्यक्ष गोरच होता.